ताईंचं स्टूल

दातांच्या डॉक्टरने कुठे बसायचं आणि त्याच्या असिस्टंटने कुठे, याचं एक शास्त्र आहे. आडव्या खुर्चीत रुग्णाचं डोकं म्हणजे घड्याळाची तबकडी धरायची, कपाळाच्या टोकाला बारा. उजव्या हाताने काम करणारा डॉक्टर सात ते बाराच्या मध्ये कुठेतरी बसतो. असिस्टंट पलीकडच्या बाजूला, दोन ते चारच्या पट्ट्यात. चार ते सात ही देवाणघेवाणीची जागा, रुग्णाच्या हनुवटीखाली आणि छातीच्या वर. हत्यारं तिथूनच या हातातून त्या हातात जातात. अमेरिकेत 1950 आणि 60च्या दशकांत दंतवैद्य उभ्याने काम करायचं सोडून बसून काम करू लागले, तेव्हा हे सगळं नीट अभ्यासून बसवलं गेलं. त्याला चार हातांची दंतचिकित्सा म्हणतात. त्यातला एक नियम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. असिस्टंटची नजर डॉक्टरच्या नजरेपेक्षा चार ते सहा इंच वर हवी. म्हणून तिचं स्टूल उंच असतं आणि पाय लोंबकळू नयेत म्हणून त्याला खाली गोल कडी असते.

कारण सरळ आहे. डॉक्टरचे दोन हात, आरसा आणि मशीन तोंडाच्या तोंडाशी गर्दी करून असतात. त्या हातांवरून आत बघायचं तर बघणारीला वरून बघावं लागतं.

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याला मी दातांचा दवाखाना टाकला तेव्हा खुर्चीबरोबर डॉक्टरचं स्टूल आलं. असिस्टंटचं वेगळं मागवावं लागलं. मागवताना दोन-तीन ओळखीच्यांनी विचारलं, कशाला? त्यांचा प्रश्न मला नवा नव्हता. शिक्षण संपल्यावर ज्या दवाखान्यात मी उमेदवारी केली तिथे खुर्चीजवळची मुलगी सकाळी दहापासून रात्री दिवे बंद होईपर्यंत उभी असायची. संध्याकाळी तिच्या घोट्यांवर चपलेच्या पट्ट्याचा वळ उठलेला असायचा. तिथे कोणी वाईट नव्हतं, तिला ओरडतही नव्हतं. तिला बसायला जागा हवी हे कोणाच्या डोक्यातच आलेलं नव्हतं. आणि उभ्या माणसाला दाढेच्या आतलं दिसत नाही. तोंडातलं पाणी ओढून घेणारी सक्शनची नळी ती अंदाजाने धरायची, डॉक्टर चिडायचे, ती आणखी घाबरायची. त्यात तिचा काही दोष नव्हता.

आमच्या असिस्टंट, ताई, त्या उंच स्टुलावर पहिल्यांदा बसल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. सुरुवातीला त्या कडेला टेकल्यासारख्या बसायच्या. रुग्ण आत आला की उठायच्या. प्रकाशाकडचे एक वयस्कर शेतकरी खुर्चीत आडवे झाले आणि वर बघून म्हणाले, ‘हाई पोर डॉक्टरबाईपेक्षा उंच बठस का?’ मी काही बोलायच्या आत ताईच म्हणाल्या, ‘आप्पा, तुमनी दाढ देखाले उंच बठनं पडस.’ आप्पांनी मान हलवली आणि तोंड उघडलं. त्या दिवसानंतर ताई कधी कडेला टेकून बसल्या नाहीत. माझ्या समजावण्याने जे झालं नव्हतं ते त्यांच्याच एका उत्तराने झालं.

कोण कुठे बसतं याला आपल्याकडे फार अर्थ असतो. ओट्यावर कोण, खाटेवर कोण, खाली सतरंजीवर कोण, हे गावात न सांगता ठरलेलं असतं. एका बाईचं स्टूल तिच्या मालकिणीपेक्षा उंच असणं, तेही चार लोकांसमोर, ही म्हणूनच साधी गोष्ट नव्हती. दवाखान्यातली माणसं एकमेकांशी कशी वागतात त्यावर मी जितक्या वेळा विचार केला आहे तितक्या वेळा इथेच येऊन पोचले आहे. ज्याच्या कामाला जे लागतं ते त्याला द्यायचं, मग त्याने आपली जागा थोडी खाली गेल्यासारखी वाटली तरी. आपुलकीचं सगळं बोलणं त्याच्यानंतर.

खुर्चीजवळच्या अर्ध्या तासात मला जे दिसतं ते फार थोडं असतं. एक दाढ, तिच्यातलं भोक, आरशातलं प्रतिबिंब. रूट कॅनॉल करताना तर जग तेवढ्याच खिडकीएवढं होतं. ताईंना मात्र सगळा माणूस दिसतो. त्यांना पायाची बोटं आखडलेली दिसतात. खुर्चीच्या हाताला घट्ट धरलेली मूठ दिसते, डोळ्याच्या कोपऱ्यात साठलेलं पाणी दिसतं. रुग्ण बोलू शकत नाही, त्याचं तोंड आमच्या हातांनी भरलेलं असतं. त्याच्या वतीने बोलणारं कोणीतरी खोलीत हवं. आमच्याकडे ते काम ताईंचं आहे. त्यांनी ‘मॅडम, जरा थांबू या’ म्हटलं की मी मशीनवरचा पाय उचलते, कारण नंतर विचारते. हे ठरवून केलेलं आहे आणि नव्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगितलं जातं. पुष्कळदा कारण किरकोळ निघतं, बाईंना फक्त गिळायचं असतं. पण तो शब्द किरकोळ कारणाला चालतो म्हणूनच मोठ्या कारणाला तो उच्चारायची हिंमत राहते.

आमच्या बाहेरच्या बाकावर एका दुपारी चार-पाच भाषा ऐकू येतात. अहिराणी, गुजरी, भिली, पावरी, आणि सगळ्यांना जोडणारी मोडकीतोडकी मराठी-हिंदी. मी जळगावकडची, अहिराणी माझ्या घरातली. पावरी मला थोडी समजते, बोलता येत नाही. ताई म्हसावदच्या पुढच्या गावातल्या, त्यांना ती लहानपणापासून येते. सातपुड्यातून, धडगावकडून जीप बदलत बदलत आलेली एखादी बाई माझ्या प्रश्नांना फक्त ‘हो’ म्हणते. दुखतं का? हो. आता नाही ना दुखत? हो. ताई तिच्या शेजारी बाकावर जाऊन बसतात आणि पाच मिनिटांत मला सगळी हकिगत मिळते. किती दिवस झाले, गावात कोणी काय लावलं, रात्री झोप लागते का, आणि आज परत जायला शेवटची गाडी किती वाजता आहे. शेवटची गोष्ट फार महत्त्वाची असते. दाढ काढल्यावर रक्त थांबल्याची खात्री करायला मला थोडा वेळ तिला थांबवून घ्यायचं असतं, आणि शेवटची गाडी गेली तर ती रात्र कुठे काढणार?

या भागात आणखी एक प्रश्न विचारावाच लागतो. नंदुरबार जिल्ह्यात भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ आढळतो. देशपातळीवर त्याच्या उच्चाटनाची मोहीम 2023च्या जुलैत सुरू झाली, पण इथल्या डॉक्टरांना आणि आशाताईंना तो त्याच्या कितीतरी आधीपासून ओळखीचा आहे. सिकलसेल असलेल्या माणसाच्या दाढेत पस झाला, अंगातलं पाणी कमी झालं, थंडी बाधली किंवा जिवाला फार ताण झाला तर अंगभर कळा सुरू होऊ शकतात. अशा रुग्णाची दाढ काढायची तर आधी त्याच्या फिजिशियनशी बोलायचं, जंतुसंसर्ग अंगावर काढू द्यायचा नाही, पाणी प्यायला लावायचं, भेट थोडक्यात आटपायची. कधीकधी तर सगळे दात चांगले असतात आणि जबडा दुखत असतो, तेव्हाही मनात सिकलसेल यावा लागतो. आता हे माझ्या छापील फॉर्मवर एक चौकोन म्हणून आहे. त्या चौकोनाचा या रुग्णांना काही उपयोग नाही. ताई विचारतात ते असं: थंडीत हातपाय, गुडघे ठणकतात का? आश्रमशाळेत कधी बोटातून रक्त काढून तपासलं होतं का? घरात कोणाला वारंवार रक्त भरावं लागतं का? हे प्रश्न त्यांना मी शिकवलेले नाहीत. आजार कसा असतो ते मी सांगितलं, कसं विचारायचं ते त्यांनी ठरवलं. एका तरुण मुलाची दाढ त्या दिवशी न काढता आम्ही त्याला आधी तपासणीला पाठवलं ते त्यांच्या या विचारण्यामुळे. पुढे ती काढलीही, सगळी तयारी करून, आणि सुखरूप.

असिस्टंटला ‘का’ सांगावं की नुसतं ‘काय कर’ सांगावं, यावर माझ्या क्षेत्रातल्या लोकांशी मी पुष्कळ वाद घातला आहे. वेळ कुठे आहे, असं म्हणतात. शिकवलं की पगार वाढवून मागतात नाहीतर दुसरीकडे जातात, असंही म्हणतात. मला हे पटत नाही. ‘का’ कळलेला माणूस नवीन अडचणीत स्वतः मार्ग काढतो, आणि आमच्याकडे अडचणी मे महिन्यात येतातच.

दातांचं माप घ्यायला आम्ही अल्जिनेटची पावडर वापरतो. पाण्यात कालवायची, जेमतेम मिनिटभर घोटायची, ट्रेमध्ये भरून तोंडात बसवायची. हा पदार्थ पाण्याच्या उष्णतेला फार हळवा आहे. पाणी जितकं गरम तितका तो लवकर आळतो. शहाद्यात मे महिन्यात पारा 44-45ला जातो, गच्चीवरच्या टाकीतून नळाला चहाच्या आधणासारखं पाणी येतं. त्या पाण्यात कालवलं तर ट्रे तोंडापर्यंत पोचायच्या आत मिश्रण रबरासारखं होतं. ताईंना एवढं सांगितलेलं होतं की थंड पाण्याने वेळ वाढतो. त्यांनी कोपऱ्यात एक लहान माठ आणून ठेवला, फक्त मापासाठी. रबरी वाटी आणि पातंही त्या आधी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात. फ्रिजचं पाणी त्यांनी करून पाहिलं, त्याने आळायला फार वेळ लागतो, आणि तोंडात ट्रे घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला उमासे येत राहतात. माठाचंच बरोबर, असं त्यांनी मला सांगितलं. आता डिसेंबरात नळाचं, फेब्रुवारीनंतर माठाचं, हा आमच्या दवाखान्याचा नियम आहे, आणि तो त्यांनी घातलेला आहे.

दाढ भरायचं सिमेंट कालवतानाही तसंच. काचेच्या पावडरीचं हे सिमेंट कालवल्यावर थोडा वेळ चकाकतं. ती चकाकी असेपर्यंत ते दाताला धरतं, गेली की धरत नाही, मग कितीही दाबून भरा. त्यामुळे माझी दाढ कोरडी होऊन तयार असण्याचा क्षण आणि ताईंचं सिमेंट चकाकत असण्याचा क्षण एकच यावा लागतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावर मांडे करताना जसं एकीच्या हातावर मांडा पातळ होत असतो आणि दुसरी चुलीपाशी जाळ सारखा करत असते, कोणी कोणाला हाक मारत नाही आणि मांडा बरोबर तापलेल्या खापरावर पडतो, तसं ते जमतं. जमायला वेळ लागतो. एकत्र काम करून करूनच ते येतं, दुसरा रस्ता मला माहीत नाही.

आमच्या गटातला एक माणूस दवाखान्यात कधीच नसतो. तो लॅबवाला. कॅप, कवळ्या त्याच्याकडे बनतात. अल्जिनेटचं माप हवेत ठेवलं तर त्यातलं पाणी उडून ते आकसतं, आणि आमच्या कोरड्या उन्हाळ्यात फार लवकर आकसतं. म्हणून इथेच लगेच प्लास्टर ओतून मग साचे कापसात गुंडाळून एसटीने जातात. चार-पाच दिवसांनी कॅप येते आणि कधीकधी ती बसत नाही. मग डॉक्टर म्हणतो लॅबने बिघडवलं, लॅब म्हणते माप चुकीचं होतं, आणि मध्ये रुग्ण भाडं खर्चून परत आलेला असतो. हे भांडण प्रत्येक दवाखान्यात आहे. आमच्याकडे ते पुष्कळ कमी झालं ते एका साध्या गोष्टीने. त्या दादांना मी एक दिवस बोलावलं, दिवसभर खुर्चीजवळ बसवलं. ज्या जबड्याच्या कवळ्या ते वर्षानुवर्षं बनवत होते त्या जबड्याची जिवंत माणसं त्यांनी पाहिली. एका आजींनी नवी कवळी घालून भाकरीचा तुकडा मोडून खाल्ला तेव्हा दादा उठून उभे राहिले होते. त्यानंतर शंका आली की ते फोन करतात, अंदाजाने करून पाठवत नाहीत. आणि ताई साच्यासोबत चिठ्ठी लिहितात, तीत माणसाचं वय असतं, तो काय खातो ते असतं, हसताना वरचे दात किती दिसतात तेही असतं.

आता सगळ्यात कठीण भागाकडे येते. खालच्याने वरच्याला ‘थांबा’ म्हणायचं.

दातांना आम्ही दोन आकडी क्रमांक देतो. पहिला आकडा जबड्याचा चतुर्थांश सांगतो, दुसरा मधल्या रेषेपासूनचा दात. 46 म्हणजे खालच्या उजव्या बाजूची पहिली मोठी दाढ. किडलेली दाढ काढायची असते तेव्हा तोंडात पाहिलं की दाढ स्वतःच सांगते, मी ती. पण वेडेवाकडे दात सरळ करण्यासाठी तार लावायची असते तेव्हा जागा करायला पुष्कळदा चांगले दात काढावे लागतात, बहुधा 14, 24, 34, 44. तिथे सगळे दात सारखेच निरोगी. कोणता काढायचा ते फक्त तार लावणाऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर असतं. शिवाय रुग्णाचं उजवं ते समोरून पाहणाऱ्याचं डावं. काढलेला दात काही परत बसवून तसाच होत नाही. म्हणून आमच्याकडे चिमटा हातात यायच्या आधी ताई चिठ्ठीवरचा क्रमांक मोठ्याने वाचतात, मी दातावर आरसा टेकवून तोच क्रमांक म्हणते, आणि दोन्ही जुळल्याशिवाय त्या चिमटा देत नाहीत. देत नाहीत म्हणजे खरंच देत नाहीत. घाई असो, बाहेर गर्दी असो, मी दमलेली असो. कागदावर हा नियम कोणीही लिहू शकेल. तो पाळला जातो की नाही हे ताईंना माझी भीती वाटते की नाही यावर ठरतं.

1990च्या दशकात एमी एडमंडसन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांमध्ये औषधांच्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या गटांत चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले, चांगल्या गटांत चुका जास्त नोंदलेल्या होत्या. खोलात गेल्यावर त्यांना दिसलं की त्या गटांतली माणसं चुका लपवत नव्हती, एवढाच बहुधा फरक होता. हे वाचलं तेव्हा मला आमचा सुईचा डबा आठवला.

दातांच्या दवाखान्यात वापरलेली सुई टोचण्याचा धोका रोज असतो. आवरताना, टोपण लावताना, ट्रे उचलताना. सुई टोचली तर जागा लगेच साबण-पाण्याने धुवायची आणि डॉक्टरला सांगायचं. एचआयव्हीपासून बचावाची औषधं घ्यायची ठरलं तर ती शक्य तितक्या लवकर, काही तासांतच, आणि फार तर 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. आता विचार करा, ज्या दवाखान्यात आरसा फुटला, ट्रे पडला, म्हणून चार लोकांसमोर बोलणी बसतात, तिथली एकोणीस-वीस वर्षांची मुलगी सुई टोचल्याचं सांगेल का? ती बोट चोखेल, ओढणीत लपवेल आणि घरी जाईल. ते 72 तास तिच्या गप्प राहण्यात निघून जातील. रागावणं हा आमच्या कामात नुसता स्वभावाचा प्रश्न नाही, तो तब्येतीचा प्रश्न आहे. माझ्या ओळखीच्या काही चांगल्या, हुशार डॉक्टरांना हे अजून पटलेलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कामावर येणाऱ्या प्रत्येकाला हेपेटायटिस बीचे तिन्ही डोस, पहिला, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा, दवाखान्याच्या खर्चाने द्यायचे, यात तर वादच नको. झाडलोट करणाऱ्या मावशींनासुद्धा. खरं तर त्यांना आधी, कारण सगळा कचरा त्यांच्या हातून जातो.

मावशींना वाचता येत नाही. तरी हत्यारं वाफेत शुद्ध करणारं यंत्र, ऑटोक्लेव्ह, त्यांच्या ताब्यात आहे. 121 अंशांवर, दाबाखाली, पंधरा ते वीस मिनिटं. पाकिटावरच्या टेपवर फिक्या रेघा असतात, त्या वाफेने काळ्या होतात. टेपमुळे सगळे जंतू मेल्याची खात्री मिळत नाही, त्यासाठी वेगळ्या चाचण्या आहेत. पण पाकीट यंत्रातून जाऊन आलं की नाही एवढं कळतं. रेघा काळ्या नसतील तर ते पाकीट मावशी खुर्चीजवळ येऊ देत नाहीत. मी मागितलं तरी. वीज गेली आणि फेरी अर्धवट राहिली की त्या पाकिटांना वेगळ्या डब्यात टाकतात आणि काउंटरवरच्या भाऊला सांगतात, पुढच्या लोकांना थोडं थांबायला सांग. दवाखान्याची गती ठरवण्याचा असा अधिकार त्यांच्याकडे आहे, आणि तो त्या फार नीट वापरतात.

सकाळी दवाखाना उघडण्याआधी आम्ही दहा मिनिटं बसतो. चहा असतो. आज कोण येणार, कोणाला साखर आहे, कोण रक्त पातळ करायची गोळी घेतं, कोणाची कॅप अजून एसटीत आहे, इन्व्हर्टरची बॅटरी कशी आहे. बोलायला सुरुवात मावशी करतात. मी आधी बोलले तर सगळे माझ्याच बोलण्याला माना डोलावतात, म्हणून. आणि मावशींना जे दिसतं ते आम्हाला दिसत नाही. काल एक बाई दोनदा येऊन दारातून परत गेली, तिच्याकडे पैसे नसावेत, हे त्यांनीच सांगितलं होतं. पपईचं, कापसाचं पेमेंट यायच्या आधी गावातल्या माणसाचा हात आखडलेला असतो, भाऊ अशांची नावं वहीत लिहून घेतो, आणि आमचे पैसे बुडत नाहीत.

भांडणं होतात. भाऊ आणि ताईंचं एकदा चांगलंच बिनसलं होतं. भाऊ बाहेर माणसं वाढली की मधेमधे वेळ देऊन टाकायचा, ताईंना जेवायला सवड मिळेना. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. बाहेर उन्हात बसलेल्यांचं तोंड भाऊला बघावं लागत होतं, आत ताई तीन-तीन वाजेपर्यंत उपाशी. मी निवाडा दिला नाही. काही दिवस दुपारी भाऊला सक्शन धरायला बसवलं आणि ताईंना काउंटरवर. त्यानंतर दोघांनी मिळून वेळांचं नवं कोष्टक केलं, त्यात जेवणाची सुट्टी होती आणि दाढ सुजून आलेल्यांसाठी राखीव जागाही.

पगार एक तारखेला. रविवार असला तर आदल्या दिवशी. कानबाईच्या रोटांच्या सणाला ताईंना आणि मावशींना सुट्टी, होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराला ज्यांना जायचं त्यांना सुट्टी, ती मागावी लागत नाही, कॅलेंडरवर वर्षाच्या सुरुवातीलाच लाल केलेली असते. वर्षातून एकदा आम्ही तोरणमाळला जातो, तलावाच्या काठी जेवतो, मावशी गाणी म्हणतात. मला तो दिवस फार आवडतो. पण सहलीने माणसं एकत्र बांधली जातात यावर माझा विश्वास नाही. ज्यांचा पगार रखडलेला आहे त्यांना तलाव दाखवून काय होणार?

एक गोष्ट माझ्या हातात नाही, आणि तिचा मला त्रास होतो. 1948च्या डेन्टिस्ट्स अ‍ॅक्टने दंतवैद्यांबरोबर हायजिनिस्ट आणि दातांचे कारागीर, म्हणजे मेकॅनिक, यांच्या नोंदणीची सोय केली. खुर्चीजवळच्या असिस्टंटला त्यात जागा नव्हती. 2023 साली संसदेने त्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा केला. वर्षानुवर्षं काम करून तयार झालेल्या आमच्या ताईंसारख्या बाईकडे मात्र आजही दाखवायला कागद नसतो. ती गाव बदलते आणि पुन्हा शून्यावर येते, पुन्हा पहिल्या दिवसाचा पगार.

ताईंच्या यजमानांना सुरतेत काम मिळतंय. खानदेशातली किती घरं अशी तिकडे गेली आहेत. दिवाळीनंतर त्या जातील. खेतियाकडची एक नवी मुलगी त्यांच्या हाताखाली शिकते आहे, तिचे हेपेटायटिस बीचे दोन डोस झालेत, तिसरा राहिलाय. ताईंसाठी मी सर्टिफिकेट लिहायला घेतलं. ‘प्रामाणिक व मेहनती’ असं लिहून सही करायची पद्धत आहे, ती मी ठेवली नाही. काय काय येतं ते एकेक लिहिलं. कोणकोणती सिमेंटं कालवता येतात, माप, साचा ओतणं, निर्जंतुकीकरण, एक्स-रेची तयारी, सिकलसेलची विचारपूस, पाच भाषा. हिंदीतही एक प्रत केली. शेवटी हेही लिहिलं की काम चालू असताना डॉक्टरांना थांबवायचा अधिकार यांना होता आणि तो यांनी योग्य वेळी वापरला. सुरतेतल्या माझ्या वर्गमैत्रिणीला ती प्रत पाठवली आहे. तिचा फोन आला, पगाराचं बोलणं अजून व्हायचंय, या आठवड्यात करते.